भर मे महिन्यात रोजची कॉन्टेसा : एरंडोल–जळगाव रस्त्यावरचं एक प्रकरण

हे प्रकरण एका हिंदुस्थान कॉन्टेसा क्लासिकचं आहे. 1.8 लिटर पेट्रोल, पाच गिअर, एमएच-19 पासिंग. नव्वदीच्या सुरुवातीला फुवांनी ती नवीकोरी घेतली. वय झालं तसं त्यांनी गाडी चालवणं सोडलं, आणि ती माझ्या आतेभावाकडे, दादाकडे आली. दादा राहतो एरंडोलला आणि जळगावच्या एमआयडीसीत एका डाळमिलचे हिशेब सांभाळतो. जाऊन-येऊन पासष्ट किलोमीटरच्या आसपास. शेडमध्ये ताडपत्री टाकून ठेवायची आणि दसऱ्याला हार घालायचा, हे त्याला पटलं नाही. त्यानं तीच रोजची गाडी केली. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला, त्यामुळे गाडीची वही माझ्याकडे: काय बिघडलं, काय बदललं, किती लागले. हे लिखाण त्या वहीवरूनच.

कॉन्टेसाला स्पोर्ट्स कार म्हणावं का, यावर वाद होतो. पुस्तकी अर्थानं ती मोठी सेडान आहे. सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश व्हॉक्सहॉलचा सांगाडा घेऊन हिंदुस्थान मोटर्सनं 1984 मध्ये ती उत्तरपाड्याच्या कारखान्यातून काढली. सुरुवातीला तिच्यात अँबॅसडरच्या घराण्यातलं 1.5 लिटरचं इंजिन होतं आणि एवढ्या मोठ्या गाडीला ते पुरत नव्हतं. पुढे इसुझूचं 1817 सीसीचं इंजिन आलं, 88 अश्वशक्तीचं. मारुती 800 ची ताकद तेव्हा चाळिशीच्या आत होती, हे लक्षात घेतलं की लांब बॉनेट, मागच्या चाकांना जोर आणि पाचवा गिअर यांचं त्या काळच्या तरुणांना काय वाटलं असेल ते कळतं. आमच्या पिढीसाठी हीच देशी स्पोर्ट्स कार होती. उत्पादन 2002 मध्ये थांबलं.

त्रास

दादानं गाडी रोज काढायला सुरुवात केली ती पावसाळ्यानंतर. पहिली तक्रार आली ती तापमानाच्या काट्याची. हायवेला काटा मध्यावर राहायचा, पण आकाशवाणी चौक ते अजिंठा चौफुली एवढ्या गर्दीत तो हळूहळू वर सरकायचा. मिस्त्रीनं थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकला. हा आपल्याकडचा सर्रास चालणारा उपाय आहे आणि माझा त्याला विरोध आहे. थर्मोस्टॅट नसला की थंडीत इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त पितं, आणि मूळ रोग झाकला जातो. काटा थोडा खाली आला, म्हणून सगळे खूश झाले. दिवाळीनंतर पुन्हा तेच.

मग रेडिएटर उतरवला. रेडिएटरवाल्यानं वरची टाकी डाग काढून उघडली आणि आतलं दृश्य पाहून मी फोटो काढून ठेवला. पितळी नळ्यांच्या तोंडांवर पांढरा, खडबडीत थर होता, बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या गिझरच्या कॉइलवर जमतो तसा. काही नळ्यांतून सुईसुद्धा जाईना. इतकी वर्षं पाणी कमी झालं की अंगणातल्या नळीनं रेडिएटर भरला जायचा, आणि आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड आहे ते घरोघरी माहीत आहे. बाहेरच्या बाजूला जाळीत माती होती, तिच्यात जिनिंगच्या हंगामातला उडता कापूस अडकून नमद्यासारखी पट्टी झाली होती. नळ्या सळईनं साफ करून भागण्यासारखं नव्हतं. नवी कोअर, म्हणजे नळ्या-जाळीचा अख्खा गाभा, टाकली, एका ओळीनं जास्त जाड. थर्मोस्टॅट परत बसवला. पाणी आता फक्त डिस्टिल्ड, त्यात कूलंट, आणि दर दोन वर्षांनी पूर्ण बदल. जाळी आतल्या बाजूनं हवा मारून साफ करायची, बाहेरून मारली तर कचरा आणखी आत जातो.

खानदेशात जुनी गाडी वापरणाऱ्याला मी पहिली गोष्ट हीच सांगेन. इंजिनाचं काम, रंगकाम, सीट कव्हर, सगळं नंतर. आधी रेडिएटर उघडून आत बघा.

हिवाळा छान गेला. काटा मध्यावरून हलला नाही. आणि एप्रिलमध्ये, पारा बेचाळिसावर गेल्यावर, गाडी बंद पडायला लागली.

बंद पडण्याची तऱ्हा

या प्रकरणातला कळीचा भाग हाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सकाळी जाताना काही नाही. दुपारी किंवा संध्याकाळी परतताना, चौफुलीवर सिग्नलला उभी असताना, गाडी आधी मिसिंग करायची, मग ॲक्सिलरेटर दिला तरी जोर धरायची नाही, आणि बंद. सेल्फ मारला तर इंजिन फिरतंय, पण घेत नाही. पंधरा-वीस मिनिटं बॉनेट उघडून उभं राहिलं की एका सेल्फला चालू. काटा पूर्ण वेळ मध्यावर. वाटेत पाळधीला चहाला थांबलं तरी हेच: चालू गाडी व्यवस्थित, पण बंद करून दहा मिनिटांनी सेल्फ मारला की नखरे.

"तापते" हा शिक्का एकदा बसला की तो निघत नाही. एका गॅरेजनं पुन्हा रेडिएटरच धरला. दुसऱ्यानं वॉटर पंप बदलला. तिसऱ्यानं प्लगला ठिणगी पुरवणारी कॉइल बदलली, आणि कॉइलचा संशय तसा चुकीचा नव्हता. जुनी कॉइल तापल्यावर ठिणगी देणं बंद करते आणि गार झाली की पुन्हा चालते, म्हणजे लक्षण हुबेहूब तेच. पण नवी कॉइल टाकूनही गाडी त्याच चौकात बंद पडली. त्यापुढे सुटे भाग बदलत बसण्यात अर्थ नव्हता. बंद पडलेल्या क्षणी, जागेवर, फक्त एकच प्रश्न सोडवायचा होता: ठिणगी नाही की पेट्रोल नाही?

त्यासाठी दादाच्या डिकीत दोन गोष्टी ठेवल्या, एक जादा प्लग आणि पक्कड. पेट्रोल लाइनला, टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाच्या आधी, पारदर्शक फिल्टर लावला, चाळीस-पन्नास रुपयांचा. पुढच्या वेळी गाडी बंद पडली तेव्हा मी सोबत होतो. प्लगची वायर काढून जादा प्लगला लावली, तो इंजिनाच्या अंगाला टेकवला, दादानं सेल्फ मारला. निळी, खणखणीत ठिणगी. मग फिल्टर पाहिला. त्यात पेट्रोल जेमतेम तळाला होतं आणि वर बुडबुडे येत होते. सेल्फ फिरतोय, पंप ओढतोय, आणि येतेय ती नुसती वाफ. सगळं समोर दिसत होतं.

मागं रिक्षा स्टँडवर एक म्हातारबाबा उभे होते. आयुष्यभर अँबॅसडरची टॅक्सी चालवलेले. त्यांनी बॉनेटखाली एकदा डोकावलं आणि म्हणाले, "भाऊ, काहीच बिघडेल नही. पंप तपी जायेल शे. वल्लं फडकं टाक त्यानावर." पाण्याच्या बाटलीनं रुमाल भिजवून पंपावर ठेवला. पाचेक मिनिटांत गाडी चालू. तीन गॅरेजना जे सापडलं नाही ते त्यांनी सांगितलं, कारण उन्हाळ्यात रस्त्यावर अडकण्याचा अनुभव गॅरेजवाल्यापेक्षा ड्रायव्हरला जास्त.

पाइपातलं पेट्रोल

घडतं ते असं. या गाडीत पेट्रोलची टाकी मागे आणि पंप पुढे, इंजिनावरच. पंप मागून पेट्रोल ओढतो, म्हणजे पूर्ण लाइनमध्ये दाब हवेपेक्षा कमी. दाब कमी झाला की कुठलाही द्रव लवकर उकळतो. वर पंचेचाळीस अंशांचं ऊन, खाली तापलेला डांबरी रस्ता, पुढे इंजिनाची धग. पेट्रोलच्या हलक्या भागाची पाइपातच वाफ होते, आणि पंप द्रव ओढण्यासाठी बनलेला असल्यानं वाफ त्याला पुढे ढकलता येत नाही. मिस्त्री लोक म्हणतात लाइननं हवा धरली. गाडी बंद केल्यावर त्रास जास्त होतो, कारण पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, आणि इंजिनात साठलेली उष्णता बॉनेटखाली पसरते. चहाच्या थांब्याचं कोडं इथं सुटलं.

आता तीस वर्षं ही गाडी इथंच चालली, मग तेव्हा हे का होत नव्हतं? थोडं तेव्हाही व्हायचं, फुवा सांगतात, पण क्वचित. बदललं आहे ते पेट्रोल. देशात 20 टक्के इथेनॉलचं मिश्रण 2030 पर्यंत करायचं ठरलं होतं, ते उद्दिष्ट अलीकडे ओढून 2025-26 वर आणलं गेलं आणि पेट्रोल पंपांवर आता तेच मिळतं. शुद्ध इथेनॉल 78 अंशांना उकळतं, पण पेट्रोलमध्ये मिसळलं की पेट्रोलच्या हलक्या घटकांना ते लवकर उडायला लावतं. माझा इथेनॉलला विरोध नाही. जळगाव-धुळ्यातला कितीतरी मका आज त्या दिशेनं जातो आणि शेतकऱ्याला एक जादा गिऱ्हाईक मिळालंय. पण कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा सेन्सरशिवाय मिसळणाऱ्या, जुन्या गाडीला या पेट्रोलसाठी तयार करावं लागतं, आणि ते काम मालकालाच करायचं आहे. ते कोणी करून देणार नाही.

आम्ही काय केलं ते क्रमानं सांगतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जवळून जाणारी लाइन दुसऱ्या बाजूनं फिरवली. कार्ब्युरेटरखाली बेकलाइटचा जाड स्पेसर टाकला, म्हणजे खालची धग वर चढत नाही. आणि मुख्य म्हणजे टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप बसवला. आता पेट्रोल ओढलं जात नाही, मागून ढकललं जातं, त्यामुळे लाइनमध्ये दाब राहतो आणि वाफ सहजी होत नाही. इथं एक इशारा: हा पंप कार्ब्युरेटरचाच हवा, तीन-चार पीएसआयचा. भंगारातून इंजेक्शनच्या गाडीचा पंप आणून लावला तर तो त्याच्या दहापट दाब देतो, कार्ब्युरेटरची सुई उचलली जाते आणि पेट्रोल गरम इंजिनावर सांडतं. अशानं गाड्या पेटतात. आमच्या पंपाची वायर ऑइल प्रेशरच्या स्विचवरून रिलेतून घेतली आहे. इंजिन बंद पडलं की पंप आपोआप बंद होतो. अपघात झाला तर मागे पंप पेट्रोल फेकत बसायला नको.

सगळ्या रबरी नळ्याही बदलल्या. इथेनॉलनं जुनं रबर फुगतं, मऊ पडतं, नंतर भेगाळतं. काढलेली एक नळी मी बोटांनी दाबली तर आतला काळा चुरा हाताला लागला, आणि तोच चुरा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जाण्याच्या बारीक भोकात, जाऊन अडकत होता. इंजेक्शनच्या गाड्यांना वापरतात त्या, इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या टाकल्या. कार्ब्युरेटरचं डायफ्रॅम आणि गॅस्केट किट बदललं.

जेटचाही विषय निघाला. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटमधून जाणारं मिश्रण इंजिनाला पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. नवी गाडी सेन्सरनं हे सांभाळून घेते, कार्ब्युरेटरला ते कळत नाही. पिकअपला हिसका, मधूनच कार्ब्युरेटरमधून फटका, आणि इंजिन जास्त गरम. मेन जेट एक नंबर मोठा टाकल्यावर हिसका गेला. गंमत अशी की पीयूसीच्या मशीनवर पातळ मिश्रणाचा आकडा उलट चांगला येतो. जुन्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आहे, आणि आमची गाडी बिघडलेली असताना त्यात अगदी आरामात बसत होती. पीयूसी पास झाली म्हणजे ट्यूनिंग ठीक, असं समजू नये.

त्यानंतरचा अख्खा मे गाडी चौफुलीवर उभी राहिली, पण बंद पडली नाही.

मूळपणाचा वाद

इलेक्ट्रिक पंपावरून घरात वाजलं. फुवांचं म्हणणं, कंपनीनं दिलं ते कंपनीनं विचार करून दिलं. संग्राहक मंडळीही हेच म्हणतात, आणि शोसाठी ठेवलेल्या गाडीबद्दल ते बरोबर आहेत. रोजच्या गाडीला हा नियम लावला तर ती गाडी रोजची राहत नाही. दादानं मधला मार्ग काढला: काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून, नाव लिहून पेटीत ठेवायचा, आणि कुठलंही भोक नव्यानं पाडायचं नाही. उद्या कोणाला गाडी मूळ रूपात न्यायची असेल तर नेता येईल. माझं मत यात स्पष्ट आहे. कूलिंग, पेट्रोलची लाइन, ब्रेक आणि दिवे या चार ठिकाणी मूळपणाचा हट्ट धरू नये. बाकी गाडी जशीच्या तशी ठेवा.

एसीचंही तसंच झालं. जुना आर-12 गॅस मॉन्ट्रियल करारामुळे 2010 पासून बंद झाला. सिस्टिम आर-134ए या नंतरच्या गॅसवर घेतली, तेल आणि सील बदलून. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात बसतो, त्यामुळे सिग्नलला उभं असताना रेडिएटरला गरमच हवा मिळते. म्हणून पुढे एक जादा इलेक्ट्रिक पंखा दिला.

सुटे भाग

इंजिनाचे भाग मिळतात, कारण हेच इसुझूचं इंजिन अँबॅसडर 1800 आयएसझेडमध्येही होतं. कोलकात्याच्या मल्लिक बाजारातून दादा पार्सल मागवतो. पण अँबॅसडरही 2014 मध्ये बंद झाली, तेव्हा आज जे मिळतंय ते साठवून ठेवण्यात शहाणपण आहे: हेड गॅस्केट, वॉटर पंप, क्लच प्लेट, मास्टर सिलिंडरचे किट. खरी अडचण काचेच्या रबराची, टेललाइटची आणि दाराच्या हँडलची. ते फक्त कॉन्टेसाचेच. कोणी गाडी भंगारात काढतंय कळलं की दादा सुट्टी टाकून जातो.

कागद

महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला पंधरा वर्षांनंतर सरसकट बंदी नाही. दिल्लीच्या बातम्या वाचून लोक घाबरतात, पण तो नियम तिकडचा. आपल्याकडे गाडी तपासून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते, सोबत पर्यावरण कर. शुल्क मात्र चढत गेलंय: 2022 पासून जुन्या मोटारीला 5,000 रुपये, आणि 2025 च्या दुरुस्तीनंतर वीस वर्षांवरच्या मोटारीला 10,000. विंटेज नोंदणीचा सल्ला दादाला बऱ्याच जणांनी दिला. तो लागू होत नाही. 2021 च्या नियमांप्रमाणे त्यासाठी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं व्हावी लागतात, आणि तशी नोंदणी घेतलेली गाडी रोजच्या वापरात चालतच नाही. तीस-पस्तीस वर्षांची गाडी या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात आहे. जुनी म्हणून शुल्क जास्त, ऐतिहासिक म्हणून सवलत काही नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. जो माणूस पीयूसी, विमा, पासिंग सगळं वेळेवर करून अशी गाडी जपतो, त्याच्यासाठी वेगळा वर्ग असायला हवा.

खर्च आणि वहिनी

ॲव्हरेज नऊच्या आसपास. म्हणजे दिवसाला सात लिटरच्या वर, आणि पेट्रोल लिटरला शंभरावर. अठराचं ॲव्हरेज देणारी छोटी गाडी याच्या निम्म्यात जाऊन येईल. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर फरक नऊ हजारांच्या घरात पडतो, म्हणजे नव्या छोट्या गाडीचा हप्ताच. नीती आयोगाच्या आराखड्यानुसार जुन्या धाटणीच्या चारचाकींचं ॲव्हरेज 20 टक्के इथेनॉलच्या मिश्रणानं 6 ते 7 टक्के घटतं, तेही यात आलंच. परवडतं, असं मी म्हणणार नाही. हप्ता नाही, गाडीची किंमत पडत नाही, थोडी वाढतेच आहे, एवढंच दादाच्या बाजूनं.

वहिनींचा मुद्दा पैशाचा नाही. त्या म्हणतात, "तुम्ही एकटे जा. पोरांना हायवेला या गाडीतून नेऊ नका." एअरबॅग नाही, एबीएस नाही, मागच्या सीटला बेल्ट नाही. राष्ट्रीय महामार्ग 53 वर केळीचे ट्रक आणि कापसाच्या ट्रॉल्या चालतात, रात्री कितीतरी ट्रॉल्यांना मागे लाल काचसुद्धा नसते. वहिनी बरोबर बोलतात आणि दादानं ते मान्य केलंय. अंधार पडल्यावर गाडी हायवेला काढायची नाही, मार्चअखेरीला मिलमध्ये उशीर होतो तेव्हा एसटी. पोरांसाठी घरात दुसरी गाडी आहे. पिवळ्या दिव्यांच्या जागी चांगले हॅलोजन रिलेवर घेतले, पुढे नवे ब्रेक पॅड, आणि टायर नक्षी शिल्लक असली तरी वय पाहून बदलायचे, कारण इथल्या उन्हात रबर आधी सुकतं आणि मग फुटतं.

आणि तरीही, सकाळी सातला पाळधीच्या अलीकडे रस्ता मोकळा असतो तेव्हा पाचव्या गिअरमध्ये ती गाडी जशी पसरून धावते, स्टीअरिंग हातात जड आणि स्थिर, ते मी शेजारी बसून पाहिलंय. दादा त्या वेळात रेडिओ लावत नाही, फोन घेत नाही. त्याच्यासाठी वरचा सगळा हिशेब तिथं वसूल होतो, आणि मला त्यात काही चूक दिसत नाही.

सध्या बाकी आहे ते पत्र्याचं काम. डाव्या सिलला, म्हणजे दाराखालच्या पत्र्याच्या पट्टीला, आतून गंज आहे, टोचणीनं टोचलं तर पत्रा आत जातो, आणि जॅक लावायची जागा त्याच्या शेजारीच आहे. वरून पुट्टी भरून रंग मारून देतो म्हणणारे दोघं भेटले, त्यांना नाही सांगितलं. पुढच्या पासिंगच्या आत जुना पत्रा कापून नवा वेल्ड करायचा आहे. धुळ्याच्या मिस्त्रीनं दिवाळीनंतरची तारीख दिली आहे, आणि तेवढे दिवस दादा दुसरी गाडी वापरणार आहे.